सा काशीरामचा, रे माझा

मांडवी, रत्नागिरी
श्रावण संपत आला आहे

ती. येसूताई हिला मांडवीहून धाकट्या रावजीचा वाकून नमस्कार. (वाकणं आता होत नाही. भिंतीला धरून जेवढं जमलं तेवढं वाकलो आहे असं समज.) इकडे आम्ही सर्व ठीक आहोत, म्हणजे मी सोडून. तुझ्या गुडघ्याचं कसं काय? देवरूखच्या त्या नव्या डॉक्टरच्या गोळ्या घेत असलीस तर आधी पाकिटावरची तारीख बघ, आणि तारीख असली तरी ती खरी आहे का ते सुजयला विचार, कारण तारीख काय, कोणीही छापतो. सुजयने न्हाणीघराला नव्या लाद्या बसवल्या असं कळलं. आपल्या मुलाने बसवल्या म्हणून त्यांच्यावर भरवसा ठेवू नकोस, कडेकडेने चाल. मागे पाठवलेला आमसुलांचा डबा पोचला असं तू सांगितलंस, पण भरलेला पोचला की नुसताच पोचला ते बोलली नाहीस. एसटीतून डबा पाठवताना मी आतल्या अंगाने कोळशाची रेघ मारून ठेवतो. आमसुलं रेघेच्या खाली गेली असतील तर कळव.

तू म्हणशील, रावजी काही सुधारला नाही. गो ताई, बर्फाच्या कारखान्याच्या फाटकावर उभा जन्म गेला. येणाऱ्याची पिशवी बघायची, जाणाऱ्याची पिशवी बघायची, आणि बर्फ तर असा माल की चोरला नाही तरी कमी होतो. अशा ठिकाणी माणूस भोळा कसा राहील? पण खरं सांगायचं तर हे त्याच्याही आधीपासूनचं आहे. आपल्या कपिला गाईने तुझा निळ्या चौकड्यांचा परकर दोरीवरून ओढून खाल्ला, तेव्हापासूनचं. मी तेव्हा रांगत असेन, मला काही आठवत नाही, पण आईच्या तोंडून ती गोष्ट इतक्या वेळा ऐकली की गरीब चेहऱ्याच्या कोणावरही, मग तो माणूस असो की जनावर, मी आजवर विश्वास ठेवलेला नाही.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोन कोण कोण ऐकतं ते कळायला मार्ग नाही. सरकारचं माहीत नाही, आमच्या घरात श्रद्धा तरी ऐकते. म्हणून पत्र. वाचून झालं की चुलीत घाल. (तुमच्याकडे आता चूल नाही. मग उशीखाली ठेव.)

गोष्ट बाबांच्या बाजाची आहे. बाबांचा म्हणावा की आजोबांचा, इथेच सगळं अडलं आहे, पण ते पुढे येईल. तुला बाजा आठवतच असेल. सहा कोनांचा, दोन्ही हातांत मावणारा, मधे भाता आणि दोन्ही टोकांना बटणं. गेल्या गणपतीत मी आरतीला तो वाजवत असताना श्रद्धाने त्याचं मोबाइलवर चित्रण केलं आणि परस्पर जगाला दाखवलं. सून म्हणून ती चांगली आहे, पतपेढीत नोकरी करते, हिशेबाला चोख आहे, पण घरातली वस्तू घरात ठेवायची असते हे तिच्या पिढीला कोणी शिकवलेलं नाही. झालं, पावसाळा सुरू झाल्यावर पुण्याहून राही नावाच्या एका मुलीचा निरोप आला. म्हणे, आजोबांच्या हातात आहे तो साधा बाजा नव्हे, त्याला कॉन्सर्टिना म्हणतात, विलायतेत बनलेला आहे, आणि बहुतेक शंभर वर्षांपेक्षा जुना आहे. तिला असले जुने बाजे ओळखण्याचा आणि ते कुठल्या साली बनले ते शोधून काढण्याचा नाद आहे. तिच्या स्वतःच्या घरी तसले चार-पाच आहेत. तिला फोटो पाठवाल का, दोन्ही बाजूंचे, आणि कुठे नंबर दिसतो का तेवढं बघाल का?

आता मला सांग, पुण्यातली तरुण शिकलेली मुलगी मांडवीतल्या म्हाताऱ्याच्या बाजाचा नंबर का मागेल? त्यातून ती किंमत विचारत नव्हती. विकणार का असंही एकदा विचारलं नाही. मी बाजारात खूप माणसं बघितली आहेत. जो किंमत विचारत नाही त्याला ती आधीच ठाऊक असते. आणि ज्या वस्तूची किंमत कोणी तोंडावाटे काढत नाही, ती किती असेल याचा विचार करून मला दोन रात्री झोप नाही. बाजा कपाटातून काढून भाताच्या कणगीत ठेवला. मग कणगी दाराजवळ आहे असं लक्षात आलं म्हणून माळ्यावर ठेवला. मग माळा पलीकडच्या घरातल्या काशीरामच्या खिडकीतून दिसतो म्हणून परत कणगीत.

बरं, नंबर. श्रद्धा स्वतः मला वर्षभर बजावते आहे की, बाबा, फोनवर गोड बोलून कोणी नंबर मागितला तर द्यायचा नाही, बँकेचं नाव सांगितलं तरी द्यायचा नाही, माझं नाव सांगितलं तरी द्यायचा नाही. आणि तीच श्रद्धा आता म्हणते, द्या हो बाबा नंबर, त्यात काय एवढं! मी तिला हे बोलून दाखवलं तर म्हणाली, तो नंबर वेगळा आणि हा नंबर वेगळा. नंबर म्हणजे नंबर. शेवटी मी माझ्या परीने वाट काढली. डाव्या टोकाला, पट्ट्याच्या खाली, एक लांबट गोल भोक आहे आणि त्यात कागदाची चिठ्ठी चिकटवलेली आहे, तिच्यावर शाईने आकडे आहेत. त्यातले पहिले तीन आकडे श्रद्धाच्या फोनवरून पाठवले आणि उरलेले दोन पुढच्या आठवड्यात शेजारच्या दिशाच्या फोनवरून, नाव न सांगता. (राहीने म्हणे बरोबर जुळवले. बघ किती हुशार आहे ती.) फोटोही पाठवला, पण एकाच बाजूचा, आणि नंबरावर माझा अंगठा ठेवून. तुलाही इथे नंबर लिहून पाठवत नाही, गैरसमज करून घेऊ नकोस.

मग ती आणखी विचारायला लागली. बटणं हाडाची आहेत की धातूची? भात्याला घड्या किती? आतल्या रीड, म्हणजे सूर काढणाऱ्या पात्या, पितळेच्या असतील तर बाजा जुना, पोलादाच्या असतील तर त्या मानाने नवा, तेव्हा लोहचुंबक लावून बघता का? मी म्हटलं, पोलीसही एवढं विचारत नाहीत. एकच गोष्ट मी आपण होऊन सांगितली, कारण ती मला माझी हुशारी वाटते: या बाजाचा सा डाव्या हाताला आहे, रे उजव्या हाताला, ग पुन्हा डाव्याला आणि म पुन्हा उजव्याला. म्हणजे साधी आरती वाजवायची तरी सूर या टोकाकडून त्या टोकाकडे उड्या मारत जातो. बाबांनी मला शिकवताना माझ्या बोटांवर टिचक्या मारमारून ते बसवलं होतं. राही म्हणाली, बरोबर, ती इंग्रजी पद्धत. आणि मग नंबरावरून तिने साल काढलं, आपण गाडीवर आठ नंबर बघितला की रत्नागिरीची म्हणतो तसं. अठराशे नव्वदच्या आसपास.

हे ऐकून मी आधी काशीरामच्या बाजूची खिडकी लावून घेतली.

कारण तुला सांगायला नको, आपल्या आणि थोरल्या काकांच्या घरात वाटणी झाली तेव्हाच ठरलं होतं. रामाआजोबांचं जे जे, गणपतीचा पाट, समई, घंगाळ, ते दोन्ही घरांचं. ते गणपतीच्या पाळीबरोबर फिरतं. ज्याच्याकडे त्या वर्षीचा गणपती, त्याच्याकडे वर्षभर वस्तू. आपल्या बाबांनी, हरिश्चंद्रांनी, आणलं ते आपलं. आजोबा तीस सालीच बोट सोडून घरी येऊन बसले, बाबा पस्तीसला पहिल्यांदा बोटीवर गेले. बाजा बोटीवरून आला एवढं सगळ्यांना ठाऊक, पण कोणाबरोबर आला हे कोणी विचारलं नाही, कारण बाबा वाजवायचे म्हणून तो बाबांचा. आता बाजा अठराशे नव्वदचा म्हटल्यावर तो आजोबांचा होतो. आणि या वर्षी गणपती काशीरामकडे. म्हणजे पाटाबरोबर बाजा तिकडे जाणार, तो पुढच्या भाद्रपदापर्यंत दिसायचा नाही. (बाबांनी कुठल्या तरी बंदरात जुनाच विकत घेतला नसेल कशावरून, असा मुद्दा मी श्रद्धासमोर काढून बघितला. ती म्हणाली, घेतला असेल की, मग तुम्ही नंबर पाठवलात कशाला?)

तू म्हणशील, जाईना का एक वर्ष. पण ताई, आमचा मुलगा गुरुप्रसाद मुंबईला. श्रद्धा दिवसभर पतपेढीत. संध्याकाळी मी ओटीवर बाजा काढतो, आरती वाजवतो, बाबांची ती बोटीवरची अर्धवट चाल वाजवतो (पुढची त्यांनाही येत नसावी), तेव्हा वाडीतली दोन-चार पोरं येऊन बसतात, दिशा येते, खुद्द काशीराम पलीकडच्या घरातून सुपारी कातरत येतो. बाजा नसेल तर माझ्या ओटीवर यायचं कोणाला काय कारण? माझं बोलणं ऐकायला तर कोणी येणार नाही, ते मला माहीत आहे.

आणि इथे काशीरामचा डाव सुरू होतो. (काशीदादा म्हणणं मी आषाढापासून बंद केलं आहे. थोरल्या काकांचा मुलगा असला, तुझ्या वयाचा असला, तरी मान ज्याचा त्याने राखायचा असतो.) मी चिंतेत बसलो आहे हे श्रद्धाने त्याला सांगितलं. तो दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला की, रावजी, काळजी करू नको, बाजाचा नंबर वेगळाच आहे, मी आत बघितला आहे. त्याने नातीच्या, संस्कृतीच्या फोनवरून तो राहीला पाठवलाही होता. त्यावरून साल निघालं एकोणीसशे सदतीस! म्हणजे तेव्हा आजोबा घरी आणि बाबा बोटीवर. म्हणजे बाजा आपल्या बाबांचा. म्हणजे माझा.

आता कोणी भोळा असता तर त्याने काशीरामला मिठी मारली असती. मी विचार केला. जो माणूस स्वतःच्या तोट्याचं बोलतो, तो काहीतरी लपवतो. बाजाच्या आत बघितलं म्हणजे उघडला केव्हा? कोणाला विचारून? तेव्हा बाहेर आलं की, मागच्या पाळीला त्यांच्याकडे गणपती होता आणि मी तापाने पडलो होतो म्हणून बाजा त्यांच्या घरी पाठवला, तेव्हा एक सूर बंद पडला, तर या गृहस्थाने सहा स्क्रू काढून उजवी बाजू उघडली. रीडमध्ये भाताचं फोलकट अडकलेलं होतं. (त्या वर्षीही मी तो काही दिवस कणगीत ठेवला होता, त्यामुळे ते गेलं असेल असं सगळे म्हणतात. मी काही म्हणत नाही.) ते त्याने काढलं आणि त्या वेळी लाकडावर ठोकलेला नंबर त्याला दिसला. तो त्याच्या डोक्यात इतके दिवस राहिला! स्वतःच्या जावयाचं नाव त्याला आठवत नाही. मी त्याला तोंडावर विचारलं की एका बाजाला दोन नंबर कसे? माझा डोळ्यांनी वाचलेला आहे, म्हणजे तुझा खोटा. तर म्हणाला, “मेल्या, मी तुझ्या फायद्याचं बोलतोय.” मी म्हटलं, त्याचाच तर संशय आहे. त्यावर तो सुपारीचा डबा उचलून गेला तो आलाच नाही. त्या दिवसापासून तो नाही, त्याच्यामागून येणारी पोरं नाहीत. बाजा माझ्या मांडीवर, आणि ऐकायला समोर कुत्रं.

शेवटी राही स्वतः आली. नवऱ्याबरोबर गणपतीपुळ्याला आली होती, तिथून रिक्षा करून इकडे. मी तिला बघून जरा गोंधळलो, कारण मला वाटलं होतं तशी ती दिसत नव्हती. साधी, चष्मेवाली, पायात भिजलेल्या सपाता. (पण हे लोक तसेच येतात.) श्रद्धाने चहा आणि घावणे केले. काशीरामलाही तिनेच बोलावलं, त्याच्याच नंबरासाठी. तो ओटीच्या पार त्या टोकाला, माझ्याकडे पाठ करून बसला. मी राहीला सांगितलं, उघड, पण हातात घेऊन कुठे जायचं नाही, आणि काढलेला एक एक स्क्रू माझ्या मुठीत द्यायचा. तिने तसं केलं. स्क्रू कुठला कुठे होता ते कळावं म्हणून ती क्रमाने द्यायची, आणि मी मूठ आवळून सगळा क्रम मोडायचो, असं तिने मागाहून हसत सांगितलं. मी हसलो नाही.

आधी डावी बाजू उघडली. आत लाकडावर तोच नंबर, चिठ्ठीवरचाच. मी काशीरामच्या पाठीकडे बघितलं. मग उजवी उघडली. तिथे काशीरामचा नंबर, स्पष्ट ठोकलेला. आता पाठ वळवायची पाळी माझी होती. राहीने पर्समधून लोहचुंबक काढलं. डावीकडच्या रीडना लावलं, चिकटलं नाही, पितळ. उजवीकडे लावलं, टचकन चिकटलं. मग तिने दोन्ही टोकं शेजारी शेजारी ठेवली आणि विचारलं की, आजोबा, तुम्हाला हे कधी दिसलं नाही का? ताई, डावीकडची बटणं हाडाची, म्हाताऱ्याच्या दातांसारखी पिवळी, आणि उजवीकडची धातूची, चकचकीत. डावीकडची नक्षी वेगळी, उजवीकडची वेगळी. जन्मभर तो बाजा मांडीवर घेतला, पण मला वाटायचं की असाच असतो, माणसाचा डावा हात आणि उजवा हात तरी कुठे सारखे असतात? ती म्हणाली, हे दोन बाजे आहेत. एकाच कारखान्याचे, एकाच मापाचे, पण चाळीस-पन्नास वर्षांच्या अंतराने बनलेले. आजोबांच्या बाजाची उजवी बाजू केव्हातरी निकामी झाली असेल, खाऱ्या पाण्याने असेल, आणि कोणीतरी दुसऱ्या मोडक्या बाजाची बाजू आणून तिथे बसवली. असे जोडलेले बाजे तिने पूर्वी पाहिले आहेत.

म्हणजे काशीराम खोटं बोलत नव्हता. मीही बोलत नव्हतो. हे दोन्ही एकाच वेळी खरं असणं मला अजून नीट पचलेलं नाही. तरी मी लगेच हिशेब मांडला: डावी बाजू आजोबांची, म्हणजे पाळीने फिरणार. उजवी बाबांची, म्हणजे माझी. काशीरामने मान वळवली आणि म्हणाला की मग या वर्षी सा आणि ग माझ्याकडे, तू रे आणि म घेऊन काय ते वाजव. श्रद्धा चहाचे कप उचलून आत गेली. आत जाऊन हसली, मला ऐकू येतं.

राही मात्र हे ऐकतच नव्हती. ती भाता उजेडाकडे धरून आत बघत होती. म्हणाली, हा भाता या दोघांपैकी कोणाचाच नाही. हा विलायतेचाही नाही, इथेच कोणीतरी घरी बनवला आहे. बाहेरून ढोलकीला लावतात तसलं कातडं, घड्यांना पुठ्ठा, आणि आतून घडीघडीत हवा राहावी म्हणून अस्तर लावलंय, सुईने, इतके बारीक टाके की तिने असं काम पाहिलं नव्हतं. तिने भाता आमच्यापुढे धरला. मी चष्मा शोधत होतो. काशीरामने वाकून बघितलं, हातातली सुपारी खाली ठेवली, आणि अस्तरावरून एक बोट फिरवलं. मग म्हणाला,

“हा येशीचा परकर.”

निळ्या चौकड्या, ताई. बाहेरच्या उजेडाला कधी आल्या नाहीत म्हणून रंग तसाच आहे. काशीराम म्हणाला, याच्यासाठी ती पायरीवर बसून रडत होती, मी तिला चिंचा आणून दिल्या होत्या. मी म्हटलं, परकर गाईने खाल्ला होता. तो म्हणाला, “गाय टाके घालते काय रे?”

आईचे टाके मला ओळखता येत नाहीत, मला त्यातलं काही कळत नाही. पण घडीच्या टोकाला गाठ मारून दोरा परत आत वळवलेला आहे, आणि माझ्या जुन्या गोधडीला अगदी तशीच गाठ आहे. मी आत जाऊन बघून आलो. राहीने विचारलं की परकर कोणाचा. श्रद्धाने तिला तुझ्याबद्दल सांगितलं, तू देवरूखला असतेस, ऐंशीची आहेस, अजून स्वतःचं जेवण स्वतः करतेस. राहीने त्या अस्तराचा फोटो काढला. मग तिने सगळं पूर्ववत बसवलं, (माझ्या मुठीतले स्क्रू सोडवायला तिला वेळ लागला,) आणि जाताना एवढंच म्हणाली, “आजोबा, भाता गळत असला तरी बदलू नका. बाकीचं जगात आणखी मिळेल.” काही नेलं नाही. मी रिक्षा वळेपर्यंत बघत होतो. काहीच न नेता कोणी पुण्याहून येतं यावर माझा अजून विश्वास नाही, म्हणून मी बाजाची बटणं मोजली. बरोबर आहेत.

ती गेल्यावर ओटीवर मी आणि काशीराम. तो सुपारी कातरत बसून राहिला. शेवटी मी म्हटलं, तुझी बाजू तू धर, माझी मी धरतो, उगाच वाद नको. तो माझ्या डाव्या अंगाला येऊन बसला, डाव्या हाताने डावं टोक धरलं. मी उजव्या हाताने उजवं. त्यालाही बाबांनीच शिकवलं होतं, माझ्या शेजारी बसवून, त्याच्याही बोटांवर टिचक्या मारून. आणि ताई, आम्ही आरती धरली. सा त्याचा, रे माझा, ग त्याचा, म माझा. पहिल्यांदा तो आपल्या वाट्यापेक्षा जास्त हवा ओढत होता, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला की मी माझा सूर सोडतच नाही, धरून बसतो. दुसऱ्या कडव्यापर्यंत जमलं. एक पुढे एक मागे असं व्हायचं ते थांबलं. दिशा कुंपणाशी येऊन उभी राहिली. पोरं आली. कुत्रं उठून गेलं.

बाकी विशेष काही नाही. पाऊस आहे. काल बाजारात सरंगे चांगले आले होते, पण बर्फातले होते, आणि तो बर्फ मी बघितल्याबरोबर ओळखला, दुसऱ्यांदा गोठवलेला. घेतले नाहीत. सुजयला आशीर्वाद. तू स्वतःला जप, आणि तुझी म्हणून जी माणसं गोड बोलतात त्यांच्याकडे जरा लक्ष ठेव.

तुझा धाकटा भाऊ,
रावजी

ता. क. – एक किरकोळ काम राहिलं. सोबत एक कागद आहे. हल्ली कायद्याने लेकींचा वाटा असतो, त्यात परकर तुझा म्हणजे भाता तुझा असं उद्या कोणी तुझ्या डोक्यात भरवून देईल. (मी सुजयचं नाव घेत नाही.) म्हणून भात्यापुरतं हक्कसोडपत्र लिहिलं आहे, घराच्या वेळी तू करून दिलं होतंस तसंच. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही कर. चष्मा लावून कर, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की म्हातारीला दिसत नव्हतं.

दुसरा ता. क. – पोस्टावर विसंबता येत नाही आणि काशीराम परवा त्याच्या मुलीकडे, अक्षयाकडे, देवरूखला नारळ घेऊन येतोच आहे, म्हणून पत्र त्याच्याच हाती देतो आहे. पाकीट भाताच्या शिताने चिकटवून त्यावर हळदीचा अंगठा उठवला आहे. अंगठा मोडलेला दिसला तर त्याला चहा देऊ नकोस.

तिसरा ता. क., पाकिटाच्या पाठीवर, कारण आता उघडता येत नाही. (काशीदादा हे वाचणार हे धरूनच लिहितो आहे.) आज संध्याकाळी पुन्हा वाजवला. दोघांनी दोन टोकं धरली की भाता मधे लोंबतो, आणि तिसऱ्या कडव्याला सूर दबतो. त्याला खालून आधार लागतो. माझ्या मांडीवर टेकवला तर काशीदादा म्हणतो तू जास्त घेतोस, त्याच्या मांडीवर टेकवला तर मी म्हणतो. श्रद्धाला विचारलं तर ती म्हणाली, ज्याचं मधलं त्याने धरावं. तेव्हा ताई, आतल्या कागदावर सही करू नकोस. चतुर्थीच्या आधी सुजयबरोबर इकडे ये, आमच्या दोघांच्या मधे बस, आणि तुझा भाता तू धर. कागद येताना परत आण, कोरा, आणि काशीदादाच्या हातात देऊ नकोस. आणखी एक. परकर गाईने खाल्ला असं आई आम्हाला जन्मभर सांगत आली आणि तू प्रत्येक वेळी शेजारी बसून एक शब्द बोलली नाहीस. तुला माहीत होतं काय गो? माझा आता तुझ्यावर संशय आहे. ये, म्हणजे तोंडावर विचारतो.